डासाच्या पोटातलं नाव

जहाज धक्क्याला लागत होतं, तेवढ्यात बंदरावर जहाजांतले डास तपासणाऱ्या उल्काच्या यंत्राने डासाची एक परदेशी मादी टिपली. ही चावून जो ताप येतो, त्यावर औषध नव्हतं. डेकवरचे खलाशी चोरासारखे उभे राहिले. यंत्राने मादीच्या पोटातलं रक्त तपासलं, गावाच्या रक्तनोंदींशी ताडलं आणि ते कुणाचं, ते नाव दाखवलं: गोदावरी तांडेल. उल्काची सासू, दोन वर्षं अंथरुणावर. म्हणजे डास जहाजातून नाही, गावातून आला होता.

तिने घरी फोन लावला. "आई, डास चावतायत का हो?"

"आठवडा झाला. तू दिवसभर जहाजांचे डास धरतेस बाई, घरचे कशाला सांगू? आज जरा अंग मोडून आलंय, एवढंच."

उल्काने कॅप्टनला हाक मारली.

"तुमचं जहाज स्वच्छ आहे," ती म्हणाली. "कुणी उतरू नका. माघारी जा."