अध्यक्षांचा हसरा चेहरा

"मा, अध्यक्षांना डोक्यावर उभं केलंस की गं!" सकाळी ओडील खो खो हसली. फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांचा हसरा चेहरा छापलेलं कापड जिच्या अंगावर, तिला सामना फुकट. म्हणून न्गोनोनं लेकीचा झगा घाईघाईत शिवला, आणि छातीवरचा चेहरा उलटा बसला.

"असू दे. भांडायला येतोय थोडाच!"

संध्याकाळी न्गोनो शवागाराच्या दारात उभी होती. अध्यक्षांची गाडी निघेपर्यंत स्टेडियमचं फाटक बंद ठेवलं होतं, आणि बायापोरी त्यावर चिरडल्या होत्या. राखणदाराच्या रेडिओवर अध्यक्ष सांगत होते, "फाटकाशी माझा काय संबंध? चौकशी समिती नेमलीय. मी स्वतः तिचा प्रमुख आहे."

राखणदारानं रेडिओ बंद केला. "पोरीच्या अंगावर काय होतं, मा?"

"अध्यक्षांचं कापड."

"इथे सगळ्यांच्याच अंगावर तेच आहे गं."

"तिच्या झग्यावरचा चेहरा उलटा आहे, बाबा. मीच शिवलाय."

त्यानं पहिली चादर उचलली. अध्यक्ष हसत होते, सुलट. दुसरी उचलली. सुलट.

तो तिसरीकडे वळला, तशी न्गोनोनं डोळे मिटून घेतले. देवा, इथेही तो सुलटच हसू दे.