एकसष्ट किलो

"पुन्हा एकदा करून दाखवा," सरकारकडून तपासणीला आलेली बाई म्हणाली.

सगळे ज्याला तराजू म्हणत, तो म्हातारा पलंगाशी वाकला. एक हात बायकोच्या पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली. त्याने तिला उचललं, पण तोल गेला आणि दोघंही गादीवर कोसळली. बायको हसली. तपासणीवाली हसली नाही. तिने कागदावर लिहिलं: रुग्णाचं वजन एकसष्ट किलो, नवऱ्याचं वय चौऱ्याहत्तर. सहा महिन्यांनी ती पुन्हा येणार होती. तेव्हाही पलंगावरून खुर्चीत नेणं जमलं नाही, तर रुग्णाला शुश्रूषागृहात हलवावं लागेल, असं तिने शांतपणे सांगितलं.

तराजूला ते फार लागलं. चाळीस वर्षं त्याने लोकांची बिऱ्हाडं वाहिली होती. कपाटं, तिजोऱ्या, एकदा तर तीन जिने चढून पियानो. उचललेल्या वस्तूचं वजन तो अचूक सांगायचा, किलोचाही फरक पडायचा नाही. बरोबरचे हमाल पैजा लावायचे आणि तोंडघशी पडायचे. तराजू हे नाव त्यांनीच दिलेलं. आणि आता घरचंच माणूस त्याला उचलवत नव्हतं.

शुश्रूषागृह बायकोने बहिणीच्या वेळी आतून पाहिलं होतं. "मला तिथे पाठवू नका हो," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मोठ्या दवाखान्यात एक प्रयोग चालू होता. त्यांना सत्तरीपुढचे पुरुष हवे होते. डॉक्टरांनी नीट समजावलं. वय वाढतं तसं पुरुषाच्या रक्तातलं एक हार्मोन कमी होतं, स्नायू सुकतात, मूठ सैल पडते. ते हार्मोन मलमातून देऊन ताकद परत येते का, हे त्यांना पाहायचं होतं. मात्र निम्म्या लोकांना नुसतं साधं मलम मिळणार होतं, आणि कोणाला कुठलं हे शेवटपर्यंत कळणार नव्हतं. यंत्र आवळून मुठीचा जोर मोजला. तोही आकडा सांगितला नाही.

रोज सकाळी एक पुडी खांद्यांना चोळायची, हात धुवायचे, वर सदरा घालायचा. बायकांच्या अंगाला ते लागता कामा नये, अशी ताकीद होती.

"लागलं तर मला मिशा येतील," बायको म्हणाली. "मग मीच तुम्हाला उचलेन."

पहिला महिना काही फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात ती उचलली गेली, धापा टाकत का होईना. तिसऱ्यात धाप गेली. तराजूने दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं की त्याला खरं मलम मिळालंय, पैज लावा. कोणी लावली नाही.

रोज खुर्चीत ठेवली की ती विचारायची, "आज कशी वाटले?"

"उशीसारखी," तो म्हणायचा, आणि ती समाधानाने डोळे मिटायची.

दिवस बरे चालले होते म्हणायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या तोंडातून घास सांडायचा, म्हणून जेवताना कोणी पाहिलेलं तिला खपत नसे. तो ताट ठेवून स्वयंपाकघरात जायचा. परत यायचा तेव्हा ताट लख्ख. खिडकीत एक बोका येऊन बसायचा, तो दिवसेंदिवस असा फुगत चालला होता की यालाही कोणी मलम चोळतंय की काय, असं तराजू गमतीने म्हणायचा. बायकोला थंडी वाजायची, ती दोन-दोन स्वेटर घालून बसायची. तोंड बारीक दिसतंय असं तो एकदा म्हणाला, तर कवळी टोचते म्हणून काढून ठेवली आहे, असं तिने सांगितलं. अंग पुसायला बाई यायची, तेव्हा त्याला खोलीत मज्जाव होता, तो पहिल्यापासूनच.

तपासणीवाली परत आली. तराजूने बायकोला एकदा सोडून तीनदा उचललं, तिसऱ्या वेळी खोलीभर एक फेरीही मारली. बाईने मान डोलावली, बाकीचे रकाने मागच्या कागदावरून उतरवले आणि सही केली. बायको घरीच राहणार होती. त्या संध्याकाळी दोघंही लहान मुलांसारखी खूश होती.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याने शेवटची तपासणी केली. मूठ मोजली, रक्त घेतलं आणि कोणाला कुठलं मलम ते लिहिलेलं पाकीट फोडलं.

"तुमचं मलम साधंच होतं," डॉक्टर म्हणाले.

तराजू हसला. चूक झाली असेल, म्हणाला. मग डॉक्टरांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. पहिल्या दिवशी मुठीचा जोर बावीस. आज एकवीस.

घरी येईपर्यंत तो दोनदा रस्ता चुकला. बायको वाट पाहत पडली होती. खिडकीत बोका होता, उशाशी रिकामं ताट होतं.

तो वाकला. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. तिला उचलून तो तसाच उभा राहिला. खुर्चीकडे गेला नाही.

"आज कशी वाटले?" तिने विचारलं.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने आपल्या हातांना वजन विचारलं, आणि हातांनी ते लगेच सांगितलं. एक्केचाळीस.