मुरूम लागेपर्यंत

“हेमकांतले काय करनं ते करू दे, पन गॅरेजना त्या कोपऱ्याले कुदळ लागू देऊ नको.”

दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, पितांबर एवढंच बोलले होते. सरलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. अजून वर्षश्राद्धही झालं नव्हतं, आणि गॅरेजच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात धर्मेंद्रभाई टेप धरून उकिडवा बसला होता.

धर्मेंद्रभाई सुरतेचा. गॅरेजांना लिफ्ट विकायचा. नंदुरबारच्या रस्त्यावरच्या पितांबरांच्या गॅरेजात व्हील अलाइनमेंट सोडून सगळं होत होतं. चाकांची रेष जुळवायला गाडी समपातळीत उचलावी लागते; ती सोय नव्हती. गिऱ्हाईक टायर इथे बदलायचं, अलाइनमेंटला पुढच्या दुकानात जायचं आणि मग परत यायचंच नाही. आता गॅरेज बघणाऱ्या मुलाला, हेमकांतला, ही लिफ्ट हवीच होती.

“चार खांबांची घेऊ ना,” सरलाबाई म्हणाल्या. “ती फरशीवरच बसते म्हणता. खणायला नको.”

“बसेल की, काकी. मग मिरचीवाल्यांच्या पिकअपना सांगा, उडून आत या म्हणून.” धर्मेंद्रभाईने शटरकडे बोट दाखवलं. “खांब उभे राहिले की वळायला जागा कुठंय? सिझर घ्या. कात्रीसारखी उघडते, मिटली की जमिनीत सपाट. पण ही काळी माती फुगते. फरशी हलली की सगळी मापं खोटी. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट भरावं लागेल. आणि तेवढी लांबी या कोपऱ्यातच मिळते.”

कोपऱ्यातल्या दगडावर सकाळची पणती अजून जळत होती. स्नान, तुळशीला पाणी, मग ही पणती. ती लावल्याशिवाय त्या चहा घेत नसत. गिऱ्हाइकांना वाटे, यंत्रांची पूजा असेल.

हेमकांतला खरं ठाऊक होतं. तिथे त्याची थोरली बहीण होती.

पहिल्या बाळंतपणात सरलाबाईंना ताप चढला तो उतरेना. नणंद जसोदाबाई नवापूरहून करायला आल्या होत्या. पण सरलाबाई शुद्धीवर येण्याआधीच त्या घरी परतल्या होत्या. मांडी रिकामी होती. मुलगी होती, गेली, असं पितांबरांनी सांगितलं. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. आपल्याच शेतात, पुरुषभर खोल खणून ठेवलंय, म्हणाले. अशा वेळी बायका जात नाहीत. सरलाबाईंनीही पुढे विचारलं नाही. जागा मात्र पितांबरांनी स्वतः दाखवली, वर दगड ठेवला, आणि पुढे त्याच शेतात गॅरेज बांधलं तेव्हा तो कोपरा मोकळा सोडला.

जसोदाबाईंना मूल नव्हतं. त्यांनी त्याच सुमाराला सुरतेच्या आश्रमातून मुलगी आणली, भाविका. दुसऱ्याचं बाळ पाहून तुला सोसणार नाही, म्हणत पितांबर बायकोला नवापूरला नेत नसत. सुट्टीत भाविका इकडे आली की सरलाबाईंच्या पदराला बिलगायची. त्या तिला हळूच सोडवून काहीतरी काम काढायच्या. आपल्या लेकीच्या वाटणीची माया हिला कशी द्यायची, असं त्यांना वाटे.

परवाच भाविकाचा फोन आला होता.

“मामी, मंगळवारले हळद शे. माले तुन्हा हातनी हळद पाहिजे. येशी ना?”

“येसू,” सरलाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि हेमकांतकडे वळल्या. “तूच जा. विधवा मामीनं हळद लावू नये.”

धर्मेंद्रभाईने टेप गुंडाळली. “मग काय ठरलं?”

हेमकांतने आईकडे पाहिलं. “राहू दे माय. नही लेवानी लिफ्ट.” तो हसला, पाना उचलून आधीच घट्ट असलेले नट आवळत बसला.

सरलाबाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

“सिझर घे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तिला मी प्रकाशाच्या घाटावर नेते. तापीत सोडते.”

मंगळवारी सकाळी, हेमकांत हळदीला निघण्याआधी, त्यांनी दगड स्वतःच्या हातांनी उचलला. “माफी असू दे,” एवढंच पुटपुटल्या. पितांबरांना की लेकीला, कोण जाणे. मांडीवर एक पिवळं झबलं होतं, बाळंतपणाआधी शिवलेलं. जे हाती येईल ते त्यात गुंडाळायचं होतं. त्या नामस्मरण करत खड्ड्याच्या काठाशी बसल्या.

मजुरीला आलेली धनुबाई खणत होती. घमेलं वर आलं की सरलाबाई माती बोटांनी चाचपत. “सावकाश,” म्हणत. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला. मग पहार ठणकन वाजली.

“अजून कितलं सावकाश, बाई?” धनुबाईने पदराने तोंड पुसलं. “हाऊ देखा, मुरूम लागी गया. आठे कोनी कधी खंदेल नही. कोरी जमीन शे.”

सरलाबाई वाकल्या. पिवळा मुरूम या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग पसरला होता. कुठे चीर नव्हती.

“पप्पांनी दगड चुकून इकडे ठेवला असेल,” हेमकांत चाचरत म्हणाला. “माय, पलीकडे खणून बघू?”

“नको.”

“पुरुषभर खोल, म्हणाले होते,” त्या कमरेएवढ्या खड्ड्याकडे पाहत म्हणाल्या. मग झबल्यावरची माती झटकली, त्याची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

“आता कुठे निघालीस?”

“नवापूरला. भाविकाला येसू म्हणून सांगितलंय.”

“पण तूच म्हणालीस ना, विधवा मामीनं हळद लावू नये.”

“मामीनं लावू नये,” सरलाबाई म्हणाल्या, आणि चपला घालून स्टेशनाच्या वाटेला लागल्या.