बाबांसाठी मऊ

पाकीट पुन्हा हलकं लागलं. लिफ्टवाल्यानं ते फ्रीझरमधून काढलं, हातात तोलून पाहिलं आणि ओट्यावर जरा आपटूनच ठेवलं. सकाळी कामावर जाताना ते गच्च भरलेलं होतं. आता निम्मंसुद्धा नव्हतं.

गोठवलेली कोरियन डंपलिंग, आत नुसत्या भाज्या. बाबा त्यांना गाठोडी म्हणायचे. स्वस्त पडायची, आणि दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलेल्या माणसाला तेवढंच जमायचं. तव्यात तेल घालायचं, गाठोडी मांडायची, खालून लाल झाली की पाणी ओतून झाकण ठेवायचं. चुरचुर थांबली की झालं जेवण. बाबांची मात्र वेगळी, पातेल्यात वाफवलेली, मऊ. कडक त्यांना चावत नव्हतं.

"मावशी, जरा इकडे या."

दिवसभर बाबांना सांभाळणाऱ्या मावशी निघायच्या बेतात होत्या. पिशवी खांद्याला अडकवूनच स्वयंपाकघरात आल्या.

"गाठोडी कुणी खाल्ली?"

"मला नका विचारू, दादा. मला तर त्यांचा वाससुद्धा सोसत नाही."

"मग काय पाकिटाला पाय फुटले?"

मावशींनी बाबांच्या खोलीकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात आतून बाबांचाच आवाज आला.

"जाऊ दे रे! भूक लागली असेल, खाल्ली असतील बिचारीनं. तिला बोलू नकोस."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. चोरी उघड झाली की माणसाचा चेहरा असाच उतरतो, असं लिफ्टवाल्याला वाटलं.

गाठोड्यांचं काय एवढं, खाल्ली तर खाल्ली! पण त्याचा सगळा पुढचा संसार या मावशींच्या भरवशावर उभा राहणार होता. चष्म्याच्या दुकानातली ती, जिला तो लाडानं चष्मेवाली म्हणायचा, तिला दुसऱ्या शहरात दुकान सांभाळायला मिळालं होतं. त्यालाही तिथं काम मिळत होतं. शनिवारी दोघांनी मिळून निघायचं, तिकडेच लग्न करायचं, असं ठरत आलं होतं. बाबा घर सोडायला तयार नव्हते. "तू जा रे, माझं काय, मी आज आहे उद्या नाही," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी मावशीच म्हणाल्या, मी येऊन राहते इथं. केवढं ओझं उतरलं होतं त्याच्या डोक्यावरचं!

आणि आता हे. ज्या माणसाला कूससुद्धा कुणीतरी बदलून द्यावी लागते, त्याला घरात चोरून खाणाऱ्या बाईच्या हवाली कसं करायचं?

दोन वर्षांपूर्वी बाबांचे पाय गेले होते. डॉक्टर म्हणायचे, नेट लावलात तर चालतील. पण तळवे जमिनीला टेकले की बाबा असे कळवळायचे की लेकालाच रडू फुटायचं. मग त्यानं तो नाद सोडला.

"मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशींनी हुज्जत घातली नाही. घराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. दारात मात्र थांबल्या.

"मालकांच्या सपाता पलंगाखाली सरळ लावून ठेवल्यात. रोज लावाव्या लागतात. आता तुम्ही बघा."

हिला सपातांचं पडलंय! त्याचं डोकं आणखीनच फिरलं. आजारपणाच्या आदल्याच आठवड्यात त्यानं बाबांसाठी हौसेनं आणलेल्या सपाता त्या. टाकून द्यायला जीव होत नव्हता, म्हणून तशाच कोऱ्या पडून होत्या.

सकाळी बाबांच्या उशाशी पाणी आणि बिस्किटं ठेवताना त्याचा पाय निघेना. "जा रे, संध्याकाळपर्यंत निभावून नेईन मी," बाबा म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत बसून त्यानं चष्मेवालीला फोन लावला.

"माझं जमत नाही गं."

"बाबा?" तिनं विचारलं.

"त्यांना कुणावर टाकून येऊ? मावशींचाही भरवसा नाही उरला."

"मी वाट बघत बसणार नाही, ठाऊक आहे ना तुला? दोन वर्षं बघितली."

"ठाऊक आहे."

"बरं," ती म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा हात कामाला लागेना. आता उरलेत ते बाबाच, निदान त्यांच्याजवळ तरी जाऊन बसू, असं म्हणून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं.

जिन्यातच तळणीचा वास आला. दार उघडलं तर घरभर तोच वास. मावशी परत आल्या! त्याला इतका आनंद झाला की चोरीबिरी सगळी विसरला. पाया पडू, माफी मागू, म्हणावं काय हवं ते खा. आणि चष्मेवालीला आत्ताच्या आत्ता फोन करू.

"मावशी! अहो मावशी!"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तव्यावरच्या झाकणाचा हाताला चटका बसला. खाली गाठोडी होती, एका बाजूनं खरपूस, लाल. मावशी गेल्या कुठे? त्यानं खिशात हात घातला. मावशींची किल्ली तिथंच होती, कालपासून.

तो बाबांच्या खोलीत आला. बाबा डोळे मिटून पडले होते. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, श्वास जरा जोरात चाललेला. पलंगाखाली फरशी रिकामी होती. पांघरूण वर ओढताना पायांकडे आखूड पडलं होतं, आणि तिथून सपातांचे तळ बाहेर दिसत होते, झिजून गुळगुळीत झालेले.