वरचा एक रुपया

“हा गडी बोगस आहे,” श्रीपाल मगदूम मोबाइलवरची नजर न हटवता पुटपुटले. दारातल्या लाल स्पोर्ट्स कारचा ऑनलाइन लिलाव संपत आला होता. कारखान्यातले नवे माग याच पैशांतून यायचे होते. बेळगावचा एक डॉक्टर ऐंशी लाखांवर थांबून कधीच बाजूला झाला होता, तरी कुणीतरी निनावी बोली चढवतच होतं. लिलाव कंपनीनंच बसवलेला माणूस असणार!

बोगस माणूस त्यांना बरोबर ओळखू यायचा, कारण एक त्यांनी स्वतःही बसवला होता. किंमत फुगवायला त्यांचा मेहुणा भरत खोट्या नावानं बोली लावत होता.

नव्वद लाखांवर भरत ठरल्याप्रमाणे थांबला आणि वेळ संपली. निनावी माणसाची शेवटची बोली जिंकली होती: नव्वद लाख एक रुपया.

श्रीपाल त्या एका रुपयाकडे बघतच राहिले. गाडीच्या सौद्यात अहेराच्या पाकिटासारखा वर रुपया कोण ठेवतं?

स्वयंपाकघरातून त्यांची बायको पद्मा मोबाइल घेऊन बाहेर आली. वरच्या रुपयाशिवाय तिनं आजवर कुणाला पाकीट दिलं नव्हतं.

“अहो, तुमची हौसेची गाडी मातीमोल जाऊ नये म्हणून मीच आकडा वाढवत होते,” ती रडवेली झाली होती. “पण त्या मेल्यानं ऐन वेळी हात काढून घेतला. कोण होता हो तो लबाड?”

तेवढ्यात श्रीपालांचा फोन वाजला. गडबडीत स्पीकरवर बोट पडलं.

“काय दाजी,” भरत खदखदून हसत होता, “लागला ना मासा गळाला?”