सोनटक्क्याचा कोंब

"आप्पा, ओट्यावरचा गड्डा कुठंय?"

"ते आलं? चहात घातलं. दमून आलीस, म्हटलं सुनेला एकदा आपल्या हातचा चहा पाजावा." सासऱ्यांनी हौसेने कप पुढे केला.

तिने कप तसाच ओट्यावर ठेवला. ओल्या कागदात गुंडाळून आणलेला तो गड्डा दिसायला आल्यासारखाच होता, पण होता सोनटक्क्याचा. आई गेली, माहेरचं घर विकलं आणि आज सकाळी नव्या मालकाने अंगण खणून काढलं. आईच्या सोनटक्क्यातला एवढाच तुकडा ढिगाऱ्यातून तिच्या हाती लागला होता. बाल्कनीत कुंडी भरून ती आत आली, तर ओट्यावर नुसता ओला कागद.

"सगळा कुटलात?"

"छे! एका टोकाला कोंब फुटला होता. तेवढा कापून कचऱ्यात टाकला."

"डबा कुठंय?"

"कामाच्या मावशी घेऊन गेल्या की आत्ताच."

खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं. ती अनवाणीच जिना उतरली. मावशींनी डबा गाडीवर उपडा करायला उचललाच होता.

"थांबा!"

तिने डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पपईच्या साली, चहाचा चोथा, आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा, गुलाबी टोकाचा कोंब.

कोंब कुंडीत लावून तिने आप्पांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"दे तो कप. ओतून टाकतो."

"नको आप्पा. आईच्या अंगणातलं आहे ते."

आणि तो गार, बेचव चहा तिने तळाच्या गाळासकट संपवला.