मोहन घातलंत का?

मेलेलं माणूस परत येत नाही, असं जैवडिझेल कारखान्यातले केमिस्ट दिघे छातीठोकपणे सांगत. बायको कुमुद गेली आणि त्यांच्या घराला चकलीचा वास सुटला.

ओट्याखाली तिच्या तळणीच्या खवट तेलाचा डबा होता. तो फेकवत नव्हता आणि त्याच्या वासाने डोळा लागत नव्हता. शेवटी दिघ्यांनी डबा प्रयोगशाळेत नेला. खवट तेलातली आम्लं मेथेनॉलमध्ये, चमचाभर सल्फ्युरिक ॲसिड घालून उकळली की त्यांचं एस्टर होतं. तेलाचं इंधन होतं, मागे वास उरत नाही. "जा आता, कुमुद," म्हणत त्यांनी चंबू तापत ठेवला.

चंबू रटरटू लागला, तशी पाठीमागून कुमुदची हाक आली. "अहो, मोहन घातलंत का?"

चकलीच्या पिठात घालायचं ते कढत तेल दिघे दर दिवाळीला विसरत, आणि ती दर दिवाळीला विचारी. ते गर्रकन वळले, मागे कोणीच नव्हतं.

संध्याकाळी झाकण काढलं, तर तोच वास, ओव्यासकट. "बरं बाई, राहा," दिघे हात जोडून म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

टेबल आवरता आवरता मदतनीस भोईर म्हणाला, "साहेब, ॲसिडची बाटली अजून सीलबंदच आहे."